पाच चांदण्यांचा चहा

प्रश्न १. आमचा प्रतिनिधी हसतमुख होता का?

चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकून दीक्षा कुरणे नोकरीला लागली आणि पहिल्या दिवशी तिला टाळ्या वाजवायला शिकवलं. साध्या नव्हे. दोन हळू, तीन जलद, शेवटी मूठ हवेत. ल्युमोरा कंपनीत याला ‘ऊर्जा’ म्हणतात. टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशिन बनवून निम्म्या देशाच्या घरात शिरलेल्या या कंपनीचा एक कारखाना कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आहे. तिथल्या थंडगार हॉलमध्ये सहा नवे पदवीधर प्रशिक्षणार्थी मूठ हवेत धरून उभे होते. बाहेर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते. ऊर्जा म्हणायची तर ती त्यांच्यात होती.

मग एक पाण्याची बाटली मिळाली, गळ्यात अडकवायचा पट्टा मिळाला आणि ‘ग्राहक म्हणजे कुटुंब’ असं छापलेला एक मग. प्रशिक्षण सहा महिन्यांचं. सहांतले दोघे कायम होणार, उरलेल्या चौघांनी आपापली बाटली घेऊन घरी जायचं. कुरण्यांच्या घरात इंजिनियर झालेली दीक्षा पहिलीच. गल्लीत पेढे वाटून झाले होते. पेढे परत मागता येत नाहीत. तेव्हा तीही मूठ हवेत धरून उभी राहिली आणि हसली.

प्रश्न २. आमच्या प्रतिनिधीने स्वतःची ओळख करून दिली का?

तिला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या सेवा शाखेत धाडलं. शाखाप्रमुख विश्वजित सर. काही बिघडलं की ते ‘संधी आली’ म्हणत, त्यामुळे शाखा संधींनी तुडुंब भरलेली होती.

“दीक्षा, ग्राहकसमाधानात आपली शाखा देशात एक नंबर,” ते म्हणाले. “पाचपैकी पाच. हेड ऑफिसला याचं रहस्य पाहिजे. तू शोध. सापडलं तर तू कायम झालीस असं समज.”

तक्रार बंद करायची रीत अशी. मेकॅनिकचं काम उरकलं की ग्राहकाच्या मोबाइलवर चार आकडी कोड येतो. ग्राहकाने तो सांगायचा, एक ते पाच चांदण्या द्यायच्या, तक्रार बंद. कोड मिळाल्याशिवाय ती बंद होत नाही, साक्षात मालक आला तरी.

गुंडू मेकॅनिकच्या मोटरसायकलवर मागे बसून ती रहस्य शोधायला निघाली. पहिलं घर चौथ्या गल्लीतल्या प्रभावती आक्कांचं.

“आलास व्हय रं गुंडू? बस. आधी च्या घे.”

गुंडूने फ्रीज उघडून आत हात घातला. फ्रीज गार नव्हता. त्याचं आता कपाट झालं होतं. आत आक्कांच्या इस्त्रीच्या साड्या होत्या.

“कॉम्प्रेसर गेलाय, आक्का. पार्ट मागवलाय, पुण्यास्नं अजून आला न्हाय.”

“येऊ दे की सावकाश.”

चहा आला. गुंडूने बशीत ओतून प्यायला, तोंड पुसलं. “कोड आलाय बघा मोबाइलवर.”

आक्कांनी चष्मा शोधला, कोड वाचून दाखवला, पाच चांदण्यांवर एकेक करून बोट टेकवलं.

दीक्षाला राहवलं नाही. “आक्का, फ्रीज बंदच आहे की.”

“हाय की बंद. दोन महिनं झालं.”

“मग पाच चांदण्या कशाला?”

आक्कांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “घरात च्या पिऊन चाललेल्या माणसाला एक चांदणी द्यायची? तुमच्या गावाकडं देत्यात व्हय?”

प्रश्न ३.

(हा प्रश्न कंपनीने गेल्या वर्षी काढून टाकला. ‘वस्तू दुरुस्त झाली का?’ असा तो होता. त्याने गुण कमी पडत.)

प्रश्न ४. आपण आमची शिफारस शेजाऱ्यांना कराल का?

तीन आठवड्यांत साठ घरं तपासून झाली, काही गुंडूच्या मागे बसून, काही शाखेत बसून, न आलेल्या पार्टच्या नोंदींवरून. एकोणीस घरांतली वस्तू बंद होती आणि एकोणीसही घरांनी पाच चांदण्या दिल्या होत्या. यादीतलं एकोणिसावं नाव तिने दोनदा वाचलं. मीनाबाई केरबा कुरणे, कागल. वॉशिंग मशिन. तक्रार अकरा मिनिटांत बंद. समाधान पूर्ण.

दीक्षाला नोकरी लागली म्हणून हौसेने घेतलेलं मशिन. महिनाभर आई दगडावर कपडे धूत होती आणि विचारलं की ‘हातानं मळ चांगला निघतोय’ म्हणत होती.

घरी पोचली तेव्हा मीनाबाई अंगणात चादर पिळत होत्या.

“आई, मशिन बंद हाय आणि तू कोड दिलास?”

“दिला की. गुंडूनं मागितला.”

“दुरुस्त केलं का त्यानं?”

“पार्ट न्हाय म्हणाला. पण लई गुणी पोरगं. पोहं दोनदा मागून घेतलं.”

“रोज सकाळी पंचशील म्हणतीस. खोटं बोलणार न्हाय म्हणतीस. आणि बंद मशिनला पाच चांदण्या?”

“मशिनला कुठं दिल्या? पोराला दिल्या. मशिनचं कुणी इचारलंच न्हाय.” मीनाबाईंनी चादरीला आणखी एक पीळ दिला. “आणि तुझीच कंपनी. नवी नोकरी. माझ्या कपड्यापायी तुझं नाव खाली नको, म्हणून गप ऱ्हायलो.”

दीक्षाने चादरीचं दुसरं टोक धरलं. पिळायला ती आईकडूनच शिकली होती. कंपनीने तिला फक्त टाळ्या शिकवल्या होत्या.

प्रश्न ५. आणखी काही सांगायचे आहे का?

होतं. तिने एका पानात सांगितलं. रहस्य म्हणजे चहा. इथं चहा घेतलेल्या माणसाला कोणी नावं ठेवत नाही. खाली एकोणीस घरांची यादी आणि शेवटी एक वाक्य: आधी ही घरं दुरुस्त करावीत.

विश्वजित सरांनी पान वाचलं आणि त्यांचे डोळे चमकले. “काय संधी आहे!”

आठवड्यात त्या एका पानाच्या चाळीस स्लाइडी झाल्या. चाळिसांत एकोणीस घरांना जागा मिळाली नाही, चहाला मिळाली. नाव पडलं ‘कोल्हापूर पॅटर्न’. मेकॅनिकांच्या मोबाइलवर नवी चौकट आली: चहा घेतला? हो / नाही. ‘नाही’ दाबणाऱ्याला ताकीद. पुण्यात ही योजना दुसऱ्याच दिवशी बंद पडली, का ते सांगायला नको. कोल्हापुरात मात्र गुंडू दिवसाला सोळा कप पिऊ लागला. त्याच्या खिशात आता स्क्रू-ड्रायव्हरशेजारी ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी असे.

“शिकलेली माणसं तुम्ही,” तो एकदा दीक्षाला म्हणाला, “पार्ट मागवायला सांगितलं तर च्या मागवलासा.”

प्रश्न संपले. फक्त कोड.

सहा महिने भरले. विश्वजित सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

“अभिनंदन. तू कायम. एवढी शेवटची औपचारिकता.”

औपचारिकता अशी की कंपनीने प्रशिक्षणासाठी वेगळं सॉफ्टवेअर घेतलंच नव्हतं. तक्रारींचंच वापरलं होतं. प्रशिक्षण पूर्ण झालं की प्रशिक्षणार्थीच्या मोबाइलवर चार आकडी कोड येई. तिने तो सांगायचा, चांदण्या द्यायच्या, प्रशिक्षण बंद. मग ऑर्डर निघे.

शिपाई चहा घेऊन आला. सोबत बिस्किटं.

“घे, आधी चहा घे,” सर म्हणाले.

दीक्षाने कप हातभर लांब सरकवला. कोल्हापुरात असं कोणी करत नाही. दारात पोचलेला शिपाई वळून बघू लागला.

“साखर जास्त झाली का?”

“चहाच नको, सर. घेतला की पाच द्याव्या लागतात.”

सर हसले. ती हसत नाही हे त्यांना जरा उशिरा कळलं. “बरं, चहा राहू दे. कोड सांग.”

“सांगते. एकोणीस घरं चालू झाली की.”

“दीक्षा, कोडशिवाय तुझी ऑर्डर निघत नाही.”

“माहीत आहे.”

“नोंद खुली राहिली तर हेड ऑफिसला दिसते. शाखेचे पाच जातील. मी तुझ्या जागी दुसऱ्याला घेईन.”

“घ्या की. पण त्याआधी मला बंद करायला लागंल, आणि कोड माझ्याकडं हाय.”

ऑफिसात ती पहिल्यांदाच घरच्या भाषेत बोलत होती. मोबाइल धरलेला हात तिने टेबलाखाली ठेवला होता. पेढे वाटलेली सगळी गल्ली तिच्या डोळ्यांपुढून एकदा जाऊन आली. तरी तिने हात वर आणला नाही.

‘संधी आली’ असं सर या वेळी म्हणाले नाहीत; त्यांनी एक बिस्किट उचललं आणि परत बशीत ठेवलं. कपातल्या चहावर साय धरली.

“पहिलं घर कुठलं?” शेवटी सरांनी विचारलं.

“प्रभावती आक्का, चौथी गल्ली. आमची आई शेवटी.”

विश्वजित सरांनी मोबाइल उचलला. “गुंडू, पुण्याची वाट बघू नकोस. गोडाऊनमधला नवा फ्रीज खोल आणि त्याचा कॉम्प्रेसर घेऊन चौथ्या गल्लीत जा. आत्ता.” ते क्षणभर थांबले, समोरच्या कपाकडे बघितलं आणि दात आवळून म्हणाले, “आणि हे बघ, चहा घेऊ नकोस.”