उत्तरेकडचं वादळ

दोन हजार पंधराच्या ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या वुडलँड्समधल्या एका कॉन्डो सोसायटीच्या फंक्शन रूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर हेझचा, म्हणजे शेजारच्या देशात पेटलेल्या जंगलांचा, धूर, खिडक्या घट्ट बंद, आणि मधोमध टेबलावर एक पितळी होकायंत्र. ऊर्जागुरू प्रबोध यांनी मोबाइलवरचा लाल आलेख सगळ्यांना दाखवत तोच हात टेबलाजवळ आणला आणि होकायंत्राची सुई गर्रकन फिरली. चाळीस माणसांनी श्वास रोखला.

"सौरवादळ," प्रबोध म्हणाले. "बातमीत स्पष्ट लिहिलंय, उत्तरेकडच्या भागांना धोका. आपण नॉर्थमध्येच राहतो ना?" मग त्यांनी मोबाइल खिशात टाकला, होकायंत्रावर तांब्याची ताटली धरली, आणि सुई निमूट जागेवर आली. "हे क्वांटम कवच. उशीखाली ठेवा. गोळ्या मात्र बंद. वादळात रक्तातलं लोह तापतं आणि औषध उलटतं."

शेवटच्या रांगेत अनघाने जांभई दिली. वीस वर्षं ती ट्यूशनला फिजिक्स शिकवत होती. मंत्राचं पाणी पाजणारे आले, आरशाने नशीब वळवणारे आले. दर वेळी ती भांडली आणि दर वेळी आगाऊ ठरली. आता तिला खरोखर वीट आला होता. पण पुढे कपाळ दाबत बसलेली संजीवनी तिची थोरली बहीण होती, आणि प्रबोध यांच्या आधीच्या बैठकीपासून नऊ दिवस तिने ब्लड प्रेशरची गोळी घेतली नव्हती.

अनघा उठून टेबलापाशी गेली. "मोबाइल खिशातच राहू द्या, आणि आता वादळ आणून दाखवा."

"मॅडम, ऊर्जेची परीक्षा घ्यायची नसते."

"बरं, मग मीच आणते." तिने आपली पर्स होकायंत्राजवळ धरली. सुई फिरली. "माझ्या पर्सच्या बटणात चुंबक आहे. यांच्या मोबाइलच्या कव्हरच्या झडपेतही आहे. तांब्याचा काही संबंध नाही."

शेजारच्या ब्लॉकमधल्या उल्काने आपला मोबाइल पुढे केला. तिचंही कव्हर तसंच होतं, आणि सुईने तिलाही मान दिला. प्रबोधना तेवढ्यात एक महत्त्वाचा फोन आठवला.

"पण बातमी तर खरी होती ना?" उल्काने विचारलं.

"खरी आहे. सूर्यावरून कणांचा लोट येतो आणि पृथ्वीचं चुंबकत्व डळमळतं. पण उत्तर म्हणजे नॉर्वे, कॅनडा. तिकडे आकाश हिरवं होतं, कधी वीज जाते, ध्रुवावरून जाणारी विमानं वाट बदलतात. आपण विषुववृत्ताजवळ. इथे सुई हललीच तर डोळ्यांना दिसायचीही नाही. महिनाभर आपण धुराच्या प्रदूषणाचा आकडा आपल्या बेटाच्या नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट भागांप्रमाणे वाचतोय, म्हणून नॉर्थ म्हटलं की वुडलँड्स आठवतं."

"मग माझं डोकं का दुखतंय?" संजीवनीने हळूच विचारलं.

"गोळी सोडलीस म्हणून, ताई. चल."

क्लिनिकमध्ये प्रेशर एकशे नव्वदवर निघालं. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा मोजलं, मग गंभीर चेहऱ्याने औषध लिहून दिलं. बाहेर बाकावर बसल्यावर संजीवनी म्हणाली, "मी गोळी सोडल्याचं तुला कधी कळलं गं?"

"मंगळवारी."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"कंटाळा आला होता, ताई," अनघा म्हणाली, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

वाचकहो, असा कंटाळा आपल्यालाही येतो. तरी कुणी गोळी सोडल्याचं कळलं तर त्याच दिवशी बोला. आणि सुई फिरली तर आकाशाकडे नंतर बघा, आधी हातात काय आहे ते बघा.