पांढरं पडलेलं रीळ

नेवेनाचं नाव निघालं की याकित्साच्या पोटात दुखायचं, आणि स्प्लिट शहरातल्या त्या हौशी सिनेक्लबात दुसरं नाव निघायचंच कमी. इतरांच्या फिती कापून जोडण्यात याकित्साची हयात गेली. पडद्यावर झळकायची नेवेना. आपल्याकडे कुणी कधी कॅमेरा रोखला नाही, हे तिला आतून सलत होतं.

क्लबाची एक जुनी खोड होती. चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडायच्या. पहिल्याने ‘मी’ या विषयावर रीळ भरायचं, काय भरलं ते सांगायचं नाही, आणि रसायनात न धुताच उलटं गुंडाळून दुसऱ्याला द्यायचं. दुसऱ्याने त्याच फितीवर, पहिल्या चित्रांच्या वरूनच, आपला ‘मी’ टिपायचा. दोघं मिसळून पडद्यावर तिसरंच माणूस उभं राहायचं. सगळ्यात चांगलं रीळ महोत्सवाला जायचं.

यंदा याकित्साच्या वाट्याला नेमकी नेवेना आली.

“सांभाळून घे गं बाई,” रीळ देताना नेवेना म्हणाली. “आता सगळं तुझ्या हातात.”

आहेच, याकित्सा मनात म्हणाली. भर उन्हात तिने पांढरी चादर दोरीवर टाकली, भिंगाचं तोंड सताड उघडलं आणि नुसती चादर टिपत राहिली. एवढ्या उजेडात फितीवर आधी टिपलेला खालचा चेहरा पार पुसला जाणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कॅमेऱ्याला किल्ली देऊन देऊन हाताला रग लागली, तेव्हा शेवटची थोडी फीत तिने तशीच सोडली. मन मात्र गार झालं होतं.

सगळ्यांसमोर रीळ लागलं. पडदा कोरा.

“हा ‘मी’ आहे की साबणाची जाहिरात?” क्लबातले सगळ्यात जुने तोंचीकाका कॉफीचा घोट घेत म्हणाले. हशा पिकला. याकित्सा चोरून नेवेनाचा पडलेला चेहरा बघत होती.

मग चादर संपली. उरल्या तुकड्यात एक बाई फीत जोडत बसली होती. ओठांत चिकटपट्टी धरलेली, कपाळावर दिव्याचा उजेड, आणि काय सुरेख दिसत होती. तिने मान वर केली. ती याकित्सा होती. तिथेच रीळ संपलं.

“चोरून टिपलं होतं,” नेवेना म्हणाली. “तुझ्यासारखं व्हावंसं वाटतं मला, दुसरा ‘मी’ सुचेना. रीळभर तूच होतीस. उजेडाचा अंदाज तुझा कसा चुकला गं?”

“चुकला नाही,” याकित्सा म्हणाली. “मला वाटलं, खाली तू आहेस.”