दोरीनं घासलेला रुपया

नवे पैसे निघाले त्या सालची गोष्ट. चांद्याच्या परकोटाच्या आत नूर मोहम्मदचं फोटोचं दुकान होतं. पोळा होऊन थोडे दिवस झाले होते. एका दुपारी सावली गावाकडचा, मासे धरणारा इस्तारी ढिवर तिथं आला आणि पायरीवरच उभा राहिला.

"या ना भाऊ, आत या," नूर मोहम्मद म्हणाला. "एकट्याचा काढाचा का जोडीचा?"

"फोटो नाई काढाचा. सावलीच्या सराफाकडून तुमी चांदीचे रुपये आनले म्हन्ते. त्यात माह्या बायकोचा एक हाय."

नूर मोहम्मदनं त्याला बाकावर बसवलं. इस्तारीनं जे सांगितलं ते थोडकंच होतं. त्याची बायको कुंता पोळ्याच्या आधी तापानं गेली. दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा तिनं स्वतःच गळ्यातली रुपयांची माळ काढून दिली. माळ सराफाकडे गेली, कुंता दवाखान्यात गेली, आणि दोन्ही परत आल्या नाहीत. सराफानं रुपयांच्या कड्या तोडल्या, कडेचा डाख खरवडून काढला आणि रुपये चांद्याला धाडले.

नूर मोहम्मदनं कोपऱ्यात बोट दाखवलं. तेलाचे तीन डबे होते, गळ्यापर्यंत रुपयांनी भरलेले. नागपूरच्या एका शौकीन साहेबांसाठी तो जुने रुपये जमवत होता. झिजेप्रमाणे त्यांची प्रत लावायची, चांगल्यांचे फोटो काढायचे आणि दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते त्या दिवसांत साहेबांचा माणूस आला की सगळं त्याच्या हवाली करायचं, असं ठरलं होतं.

"सगळ्या जिल्ह्यातल्या बायांचे रुपये हायत यात," तो म्हणाला. "कसा वळखशीन?"

"वळखतो. डाव्या अंगाचा रुपया. तिच्या खांद्यावरून जाळ्याची दोरी जाये. त्या दोरीनं रुपयावरच्या राजाच्या तोंडावर तिरपा घासा पडला होता."

नूर मोहम्मदनं डब्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "माह्यासोबत काम कर. डबे रिकामे करून दे. तुहा सापडला त तो तुहा."

इस्तारी त्या दिवसापासून दुकानाच्या मागच्या पडवीत राहिला. गावात त्याची वाट पाहणारं कोणी नव्हतं. लेकरू झालंच नव्हतं.

पहिल्यांदा नूर मोहम्मदनं त्याला रुपया धरायला शिकवलं. दोन बोटांत, कडेला. तोंडावर बोट लावायचं नाही. मासे धरणाऱ्या हातांना ते जमेना. मासा मुठीत धरावा लागतो. रुपया सटकन निसटायचा, फरशीवर वाजायचा, आणि पडद्याआडून नूर मोहम्मदची बायको हाजरा ओरडायची, "पाडा, पाडा! नागपूरच्या सायबाले चटणी करून देऊ!"

मग प्रत लावणं. सगळ्यात वरची प्रत कोऱ्या रुपयाची, त्याखाली चांगला, मग चालू, मग घासलेला, आणि शेवटी दागी, म्हणजे डाख तोंडावर पसरून बिघडलेला. मुकुटवाल्या राजाच्या अंगरख्यावर छातीशी एक बारीक हत्ती असतो. त्या हत्तीची सोंड दिसली तर रुपया चांगला. नुसता हत्तीचा गोळा दिसला तर चालू. तोही नसला तर घासलेला. इस्तारीनं पहिल्या दिवशी चकचकीत रुपये सगळ्यात वरच्या ढिगात लावले. नूर मोहम्मदनं कपाळावर हात मारला.

"अरे भाऊ, हे त राखीनं घासलेले! चमक पाहून भुलला तू. म्हातारीनं पावडर लावली त ते नवरी होते काय?"

"आन म्हाताऱ्यानं दाढीले मेंदी लावली त?" पडद्याआडून आवाज आला.

नूर मोहम्मदची दाढी लालभडक होती. इस्तारी हसला. कुंता गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला असेल, आणि हसल्यावर त्याला वाईट वाटलं.

फोटो काढणं त्याहून कठीण होतं. खिडकीजवळच्या टेबलावर चार विटा, विटांवर काच, काचेवर रुपया, म्हणजे खालच्या कागदावर त्याची सावली पडत नाही. वर लाकडी कॅमेरा खाली तोंड करून बांधलेला. काळ्या फडक्यात डोकं घालायचं, भाता लांबवायचा आणि राजाचा कान नीट दिसेपर्यंत मागंपुढं करायचं. मग श्वास धरून भिंगावरची टोपी काढायची आणि परत लावायची. इस्तारीच्या पहिल्या काही फोटोच्या काचा वाया गेल्या. एकीत त्याच्या डोक्याची सावली आली. एकीत टेबलाला धक्का लागून राजाला दोन नाकं आली.

"समोरून उजेड घेतला त रुपया तव्यावानी सपाट दिसते," नूर मोहम्मदनं सांगितलं. "बाजूनं घ्याचा, तिरपा. मंग नाक, कान, फुलं सारं उठून दिसते. पन एक ध्यानात ठेव. तिरपा उजेड खोटं बी बोलते. नसलेली रेघ दाखवते, असलेली लपवते. म्हनून प्रत लावाच्या आधी रुपया फिरवून पाह्यचा. चारी बाजूनं जे दिसते तेच खरं."

इस्तारीनं मान हलवली. तो प्रत्येक रुपया फिरवून पाहू लागला.

पहिला डबा संपत आला तेव्हा तो सापडला. काचेवर ठेवल्याबरोबर दिसलं. राजाच्या मुकुटापासून हनुवटीखालपर्यंत तिरपा घासा, दोरीच्या जाडीचा.  इस्तारीनं तो फिरवला नाही. होता तसाच ठेवून फोटो काढला. फोटो चांगला निघाला. त्याचा तो पहिलाच चांगला फोटो.

रुपया त्यानं फडक्यात बांधून कमरेला खोचला. नूर मोहम्मदला सांगितलं, "भेटला." नूर मोहम्मदनं फोटो हातात घेतला, पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाला, "बरं झालं, भाऊ."

रुपया भेटला तरी इस्तारी गेला नाही. कबूल केलेलं काम होतं. रोज तो उरलेल्या दोन्ही डब्यांतले रुपये काढी, फिरवी, ढिगात टाकी. हात आता चुकत नव्हते. हत्ती तर त्याला भिंगाशिवाय दिसायचा. एकदा जेवण वाढताना हाजरानं विचारलं, "तिचा फोटो नाई काहाडला काय कधी?"

"नाई. मार्कंड्याच्या जत्रेत फोटोवाला बसे. मी म्हनलं, चाल काढू. कुंता म्हने, माहं तोंड घरीच त हाय, फुकटात पाहून घ्या."

"बाप्पा!" हाजरा म्हणाली, आणि ताटात आणखी भात टाकला.

जेवून तो पडवीत बसे आणि रुपयाचा फोटो पाहत राही. फोटो पाहताना ओला पदर, खांद्यावरची दोरी, पाण्यातून वर येणारी कुंता, सगळं दिसायचं. निदान सुरुवातीला दिसायचं.

दुसऱ्या डब्यात त्याला तसलाच तिरपा घासा आणखी दिसला. फिरवल्यावर तो गेला. मग आणखी एक, तोही गेला. तिसऱ्या डब्यात असे कितीतरी निघाले. खिडकीतून उजेड एका विशिष्ट कोनात आला की झिजलेल्या कोणत्याही राजाच्या तोंडावर तशी पट्टी पडत होती. इस्तारी त्यांना फिरवून ढिगात टाकत गेला. कमरेचा रुपया मात्र त्यानं फडक्यातून बाहेर काढला नाही. काढायची गरजच काय, असं तो स्वतःला सांगे. आपला आहे तो.

मंडईचे दिवस आले. नागपूरचा माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता. डबे रिकामे झाले होते, ढीग कापडी थैल्यांत भरून तयार होते, फक्त घासलेल्यांच्या थैलीचं तोंड शिवायचं राहिलं होतं. सकाळचा उजेड खिडकीत होता. नूर मोहम्मद म्हणाला, "तुहा रुपया नीट ठेवला ना? घेऊन जा आता. सारे ढीग तू चोख लावले. मी बी येवढे लावले नसते."

"तुमी तो फिरवून पाह्यला होता काय?"

"मी काऊन फिरवू? तुहा रुपया."

"फोटो पाहून तुमाले काय वाटलं?"

नूर मोहम्मद दाभणात सुतळी ओवत होता. सुतळी ओवेना. त्यानं ती तोंडात ओली केली, पुन्हा ओवली, आणि वर पाहिलंच नाही.

इस्तारीनं कमरेचं फडकं सोडलं. रुपया काचेवर ठेवला. घासा दिसला, तसाच, मुकुटापासून हनुवटीपर्यंत. मग त्यानं दोन बोटांनी कडेला धरून रुपया थोडा फिरवला. घासा बारीक झाला. आणखी फिरवला. घासा गेला. राजाचं तोंड सगळीकडून सारखं झिजलेलं होतं, इतर शेकडो रुपयांसारखं. परत फिरवला, घासा आला. फिरवला, गेला.

त्यानं डोळे मिटले. कुंताच्या गळ्यातला रुपया आठवायचा होता, खरा, पाण्यात भिजलेला. गळा दिसला, आणि त्यावर रुपया दिसला तो फोटोतला. खिडकीच्या उजेडातला. पुष्कळ प्रयत्न केला तरी दुसरा दिसेना. तिच्या रुपयावर घासा होता का, कोणत्या बाजूला होता, तेही आता त्याला सांगता येईना.

"नाई तिचा," तो म्हणाला.

"तरी ने. कोन विचारते?"

"कोन्या दुसरीचा हाय ना भाऊ तो."



इस्तारीनं थैलीकडे पाहिलं. सावलीच्या सराफाचे रुपये डब्यांतच होते, त्याबद्दल शंका नव्हती. तिन्ही डबे त्यानं स्वतः रिकामे केले होते. एकही रुपया दुसऱ्याच्या हातानं गेला नव्हता. म्हणजे कुंताचाही त्याच्याच हातात आला असणार. त्यानं तो कडेला धरला असणार, खिडकीपाशी चारी बाजूंनी फिरवून पाहिला असणार, हत्ती नाही असं पाहिलं असणार आणि टाकून दिला असणार. तेव्हा कमरेला हा दुसरा होता, म्हणून त्यानं थांबून पाहिलं नाही.

"थैली रिकामी करू काय?" नूर मोहम्मदनं विचारलं. "पुन्हा पाहू सारे."

"पाहून काय करू? मले आता वळखू नाई येत."

त्यानं हातातला रुपया घासलेल्यांत टाकला. नूर मोहम्मदनं थैलीचं तोंड शिवून टाकलं. इस्तारीनं आपलं धोतर आणि घोंगडी घेतली. तो पायरी उतरला तेव्हा नूर मोहम्मद मागून आला, हातात फोटो होता.

"हा त ने भाऊ. तुह्या हातचा हाय."

इस्तारीनं फोटो घेतला, पाहिला आणि परत केला.

"कोनाचा म्हनून ठेवू?" तो म्हणाला आणि सावलीच्या रस्त्याला लागला.