पाइपातली चिंधी

इंजिन धुताना आमचे हे एक चिंधी वापरतात. इंजिनाच्या डोक्यावर आतली हवा बाहेर जायचा एक पाइप असतो. तो काढून त्या भोकात चिंधी कोंबायची, म्हणजे पाणी आत जात नाही. धुऊन झालं की चिंधी काढून खिळ्याला लटकवायची. ह्यांच्या गॅरेजात बाकी सगळा सावळा गोंधळ, पण चिंधीची जागा ठरलेली.

त्या दुपारी दुसरी गाडी धुवायला घेतली आणि खिळा रिकामा! ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, काय झालं?"

"चिंधी आपल्या गाडीतच राहिली."

आमची गाडी घेऊन लेक सासूबाईंना डोंगरावर राहणाऱ्या नणंदेकडे सोडायला निघाली होती. ती धुऊन होताच सासूबाईंनी इतकी घाई लावली, की ह्यांनी चिंधी न काढताच पाइप वर बसवून दिला.

या माणसाशी संसार करून इंजिनातलं मलाही थोडं कळतं. जळलेला वायू थोडाथोडा खाली तेलाच्या जागेत झिरपतो. त्या पाइपातून तो बाहेर पडतो आणि पुन्हा जळायला जातो. वाट बुजली की आत दाब वाढतो, शिटी अडकलेल्या कुकरसारखा. चढावर तर विचारूच नका. मग मिळेल त्या फटीतून तेल उसळतं, तापलेल्या सायलेन्सरवर पडतं आणि पेट घेतं. आणि सासूबाईंचे गुडघे असे, की गाडीतून उतरायलाही दोन माणसं लागतात.

लेकीचा फोन नुसता वाजत राहिला. चालवताना फोन उचलायचा नाही, हे ह्यांनीच शिकवलेलं.

"वास आला की थांबेल ती," मी म्हणाले.

"नाही थांबणार. काही झालं तरी चढावर थांबायचं नाही, असं मीच बजावलंय."

धुवायला आलेली गाडी घेऊन आम्ही निघालो. चढ लागला तसे रस्त्यावर तेलाचे थेंब दिसू लागले. पुढे त्यांची धार झाली. मला ह्यांचा संताप येत होता आणि स्टिअरिंगवर वाकून थेंब शोधणारे हे बघवतही नव्हते.

वळणापलीकडे धूर दिसला. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा गाडी कडेला उभी होती, बॉनेटखालून धूर येत होता आणि सासूबाई बऱ्याच लांब दगडावर बसल्या होत्या. लेकीनं त्यांना एकटीनं पाठीवर घेऊन तिथवर नेलं होतं. आम्हाला बघताच ती रडायला लागली.

"बाबा, ओरडू नका ना. मी चढावर थांबले."

हे धावत तिच्यापाशी गेले. तिचे दोन्ही हात धरून म्हणाले, "माझं सगळंच ऐकत जाऊ नकोस, बाळा."