ओठ पुढे, आवाज मागे

मित्रांनो, लॅपटॉपच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात जो हिरवा त्रिकोण दिसतो ना, तोच मी. मी एक जुना व्हिडिओ प्लेअर आहे. मला हातात धरता येत नाही, फडक्याने पुसता येत नाही. तरीही या घरात सर्वांत जास्त हात मलाच लागले आहेत, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

मला घडवणाऱ्यांनी एकच धडा गिरवून घेतला होता. चित्र आणि आवाज यांनी जोडीने चालायचे, एकाने दुसऱ्याला सोडून पुढे जायचे नाही. तो धडा मी इमानाने पाळला. मुलांची कार्टून, लग्नाचे चित्रण, शिवणकामाचे धडे, जे पुढ्यात येईल ते मी दाखवले. त्या काळी घरातले आजोबा मला फार मानत. ते भाजीबाजारात लिलाव पुकारत. त्यांचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचे. "ह्याच्यात काहीही टाका, कुरकुर म्हणून नाही!" असे ते पाहुण्यांना सांगत, तेव्हा मला धन्य वाटे.

मग आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण जीभ जड झाली. एवढा मोठा आवाज, आणि तोंडातून नुसती घरघर निघे. पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी आल्या. त्यांनी स्वतःच्या ओठांचे जवळून चित्रण करून दिले. "माझ्या तोंडाकडे बघायचं, आवाज ऐकायचा आणि माझ्याबरोबरच म्हणायचं. पा, बा, मा. रोज," त्या म्हणाल्या. जाताना त्यांनी आजींना बजावले, "सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे असतात हं. ते वाया घालवू नका."

ते महिने माझ्या हवाली झाले होते. पण मला माझे काम करू देतील तर ना!

आजोबांना नीट ऐकू यावे म्हणून त्यांच्या मुलाने बिनतारी स्पीकर आणला. हेतू चांगला होता, पण त्या स्पीकरमध्ये आवाज उशिरा पोहोचे. मुलाने माझ्या सेटिंगमध्ये शिरून आवाज पुढे ओढला. जमले. पुढे स्पीकरचे चार्जिंग संपले आणि लॅपटॉपचाच आवाज सुरू झाला. आता आवाज ओठांच्या आधी येऊ लागला. मुलगी माहेरी आली होती. तिने तो मागे ढकलला, तोही अंमळ जास्तच. वर चित्राचा दर्जा 'सर्वोत्तम' करून ठेवला. म्हातारा लॅपटॉप धापा टाकू लागला, चित्र अडखळू लागले. दोघांनी एकमेकांना काहीही सांगितले नाही. स्पीकर पुन्हा चार्ज होऊन जोडला गेला, आणि आवाज ओठांच्या मागे फरफटत येऊ लागला.

असा सगळा बारभाई कारभार, आणि बोल कुणाला? मला!

"दादा, हा प्लेअरच भंगार आहे."

"नवीन टाकू या. नाहीतरी फुकटच मिळतो."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला! माझा संताप अनावर होई, पण मी कुणाला सांगणार?

बिघाड आजोबांना कळला होता. कारण ते एकटेच पडद्यासमोर बसत. बाकीचे आतल्या खोलीतून ऐकत. ते बोटाने ओठ दाखवत, मग कान दाखवत. "बाबांना कमी ऐकू येतंय," असे म्हणून मुलगा आवाज वाढवी. आजोबा मान हलवत, टेबलावर हात आपटत. "चिडचिड होणारच हो ह्या आजारात," असे म्हणून आजी त्यांना पाणी देत. आम्हा दोघांनाही ठाऊक होते आणि दोघांनाही बोलता येत नव्हते. शेवटी दमून आजोबा पडद्यावर दिसेल तसेच करू लागले.

बाई तपासायला आल्या तेव्हा आजोबांनी ओठ मिटले, उघडले, आणि सगळे झाल्यावर मागाहून "पा" असा आवाज काढला.

"आजोबा, तोंड आधी आणि आवाज नंतर? हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बाईंनी खुर्ची ओढली, व्हिडिओ लावला आणि कपाळावर हात मारून घेतला. त्यांनी माझी सगळी सेटिंग मुळाबरहुकूम केली, स्पीकर तारेने जोडला, चित्राचा दर्जा लॅपटॉपला झेपेल इतकाच ठेवला. मग मुलाला म्हणाल्या, "आता चालतंय ना? चालू द्या. बदलायचंच झालं तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि घरात सांगून बदला." मुलगा ओशाळला. शिकलेले चुकीचे विसरण्यात आजोबांचे बरेच दिवस गेले. ते दिवस कुणी भरून देणार नव्हते.

एका सकाळी आजोबा माझ्यासमोर बसले होते. चित्र आणि आवाज जोडीने चालले होते. कामावर निघालेला मुलगा दारातून वळला. "चित्र जरा काळपट दिसतंय. एक मिनिट हं बाबा," म्हणत त्याने माउसकडे हात नेला.

"ए! हात... लावू... नकोस!"

शब्द ओबडधोबड होते, पण बाजाराच्या त्या टोकापर्यंत गेले असते. ओठ आणि आवाज एकाच वेळी आले. आजी स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि दारातच रडू लागल्या. मुलाचा हात तसाच हवेत राहिला. "नाही लावत, बाबा," तो हळूच म्हणाला.

मित्रांनो, ते माझ्याही वतीने बोलले असे मी समजतो. सुरळीत चाललेल्या यंत्रात हात घालण्याआधी, त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला एकदा विचारा. आणि त्याला बोलायला वेळ लागत असेल, तर उत्तर येईपर्यंत थांबा.