डाव्या सीटपुढचं पाणी

संध्याकाळी पाचच्या आत पाणी कुठून येतं ते दाखवलं नाही, तर गाडी पैसे देऊन मीच ठेवून घेईन आणि दुकानाच्या दारावरचा बोर्ड माझ्या हातानं उतरवीन, असं मी बोलून बसलो तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. रागात बोललो. राग माझ्या नाकावरच असतो, बीड बायपासवरच्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. इलियास मिस्त्री गाडी नीट करतो, पण आधी चार शब्द ऐकवतो, असंच सांगतील.

समोर उभा होता काकासाहेब, माझा दोस्त बद्रीनाथ याचा मुलगा. राहतो चितेगावला, शेंद्र्याला कंपनीत जातो. अक्षय तृतीयेला त्यानं जुनी गाडी घेतली ती माझ्या शब्दावर. मी इंजिन ऐकलं, खाली झोपून बघितलं आणि म्हणालो, "डोळे झाकून घे, बेटा." आता ऑक्टोबर उजाडला तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता, आणि त्या गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढं, जिथं पाय ठेवतात तिथं, पाणी साचत होतं. पहिल्यांदा आला तेव्हा मी दाराचं रबर बदललं. दुसऱ्यांदा आला तेव्हा पुढच्या काचेच्या कडेनं काच चिकटवायचा मसाला भरला. दोन्ही वेळा छाती ठोकून सांगितलं की झालं काम.

काल सकाळी झाल्टा फाट्याच्या अलीकडे, रस्ता ओलांडताना, त्याची गाडी मधोमध बंद पडली. पाणी डॅशबोर्डखालच्या वायरिंगमध्ये शिरलं होतं. बाजूनं कंटेनर आला आणि चार हातांवर थांबला. चार हात म्हणजे किती, ते काकासाहेबानं मला हात पसरून दाखवलं.

"चाचा, खरं सांगा," तो म्हणाला, "गाडी पुरात बुडालेली व्हती का?"

हा प्रश्न त्याचा नव्हता. तो त्याच्या मागं उभ्या असलेल्या सांडूचा होता. सांडू त्याचा चुलतभाऊ. त्याला गाड्यांतलं सगळं कळतं, कारण तो मोबाइलवर बघतो.

"बुडालेल्या गाड्या लांबून लांबून आणत्यात," सांडू म्हणाला. "वाळवायच्या, पॉलिश मारायची आन् गरिबाच्या गळ्यात घालायच्या. काकासाहेब, तुला तवाच बोललो व्हतो, तिथं जाऊ नको म्हणून."

तिथं म्हणजे कुठं, ते मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पाना घेतला, पुढची सीट खोलली आणि तिचे बोल्ट सांडूच्या तळहातावर ठेवले. गाडी बुडाली असती तर या बोल्टांवर गंज असता, सीटबेल्टच्या पट्ट्याच्या तळाशी गाळ असता. एकही डाग नव्हता.

"धुतलं आसंल," सांडू म्हणाला.

मग मी ते पाचचं बोलून बसलो. बोर्डावर माझ्या बापाचं नाव आहे, निजामुद्दीन. चाळीस वर्षं ते नाव तिथं आहे. सिल्लोडपासून लोक येतात, गाडी घ्यायच्या आधी माझ्याकडं आणून दाखवतात. माझा शब्द खोटा ठरला तर माझ्याजवळ उरतं काय? तेलकट हात आणि चार पाने.

द्वारकावहिनी, बद्रीनाथची बायको, पत्र्याच्या स्टुलावर बसून होती. मुलगा एकटा भांडायला जाईल म्हणून हट्टानं सोबत आली होती. सहा वर्षांपूर्वी बद्रीनाथ कामावरून घरी येताना पैठण रोडवर मोटारसायकलवरच गेला. त्या दिवशी सरकारी दवाखान्यात मी तिच्या शेजारी उभा होतो. तेव्हापासून मुलगा घरी येईपर्यंत तिच्या तोंडात घास जात नाही. कालची कंटेनरची गोष्ट काकासाहेबानं तिच्यासमोरच मला सांगितली. तिनं पदर तोंडाला लावला.

बॉनेट उघडायच्या आधी मी नेहमीप्रमाणं काचेच्या खालच्या कोपऱ्यातलं झेंडूचं फूल उचललं, कापडावर पाणी झटकलं आणि माझ्या हत्यारांच्या पेटीवर ठेवलं. गाडी आली की हे फूल असायचंच. दोन्ही वेळा मी ते असंच अदबीनं उचलून ठेवलं होतं. कुणाच्या देवाचं फूल माझ्या दुकानात पायाखाली येऊ देत नाही मी.

"आत बस," मी काकासाहेबाला म्हणालो. "तुझ्या डोळ्यांनी बघ. मी बाहेरून पाणी मारतो. मी काही लपवलं असं नंतर कुणी म्हणायला नको."

आतला गालिचा आणि त्याखालचा फोम मी काढून टाकला. पत्रा कापडानं पुसून कोरडा केला आणि त्यावर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरवली. पाण्याचा एक थेंब आला तरी पावडरीत रेघ उमटते आणि ती कुठून सुरू झाली ते कळतं. काकासाहेब टॉर्च घेऊन, पाय पोटाशी धरून आत बसला. मी दारं लावली, काचा वर केल्या.

पाणी खालून वर शोधायचं असतं. वरून सुरुवात केली की सगळंच भिजतं आणि हाती काही लागत नाही. मी आधी दाराच्या तळाशी मग्गे ओतले. वीस मग्गे. आतून काकासाहेबानं मान हलवली, कोरडं. मग दाराची काच, मग छत, मग छताची पन्हळ. कोरडं. दीड वाजला. मी जेवलो नाही, त्यांनाही जेवा म्हणालो नाही. पुढच्या काचेच्या कडेनं, जिथं मी मसाला भरला होता तिथं, बोटभर बोटभर पुढं सरकत पाणी सोडलं. कोरडं.

"कुठंतरी पाणी मुरतंय, वस्ताद," सांडू म्हणाला आणि स्वतःच हसला.

"गाडी झाडाखाली लावता का रे?" मी काचेतून ओरडून विचारलं. हेही मी तिसऱ्यांदा विचारत होतो. झाडाचा पाला वायपरखालच्या काळ्या जाळीतून आत पडतो, तिथली पन्हळ तुंबते आणि पाणी आत हवा फेकणाऱ्या पंख्याच्या वाटेनं गाडीत उतरतं. हे शेंबडं पोरही सांगेल.

"नाय, चाचा. घरी पत्र्याखाली, कंपनीत शेडमधी."

झाड नाही तर पाला नाही. म्हणून ती जाळी मी कधी खोललीच नव्हती.

तीन वाजले. माझ्या पाठीत कळ यायला लागली. खरंच कुणीतरी मला फसवलं असेल का? आधीच्या मालकानं काही झाकलं असेल आणि ते माझ्या या म्हाताऱ्या डोळ्यांना दिसलं नसेल? बद्रीनाथच्या मुलाला मीच त्या कंटेनरपुढं उभं केलं असेल, तर बोर्डाचं काय घेऊन बसलात, मला तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती.

चार वाजता सांडूनं मोबाइल काढून बोर्डाचा फोटो घेतला. "आठवण म्हणून," तो म्हणाला.

माझा ताबा सुटला. मग्गा भिंतीवर भिरकावला, भरलेली बादली उचलली आणि सगळीच्या सगळी काचेवर फेकली. मग दुसरी. मग तिसरी. हे काही शोधणं नव्हतं. मी त्या गाडीला मारत होतो.

आतून काकासाहेबानं काचेवर थाप मारली.

"आलं! चाचा, आलं!"

मी दार उघडलं. पंख्याच्या डब्याखालून पाण्याची जाड धार पावडरीवर पडत होती. मग्ग्यामग्ग्यानं जे आलं नाही ते बादलीनं आलं होतं. म्हणजे पाणी आधी कुठंतरी साचत होतं, काठोकाठ भरत होतं आणि मग सांडत होतं. वायपरखालची पन्हळच. माझे कान तापले. तिसऱ्या खेपेला जे कळलं ते पहिल्या खेपेला कळायला हवं होतं.

वायपर काढले, काळी जाळी उचकटली. पन्हळ गढूळ पाण्यानं भरलेली. डाव्या टोकाला पाणी खाली जायचं भोक असतं, तिथं मी हात घातला आणि जे लागलं ते मुठीत ओढून घेतलं. पाणी एकदम गडगडून चाकामागून जमिनीवर पडलं.

मी मूठ जरा उघडून बघितली.

पाला नव्हता. काळ्या पडलेल्या पाकळ्या होत्या, एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा झालेला. त्यात फुगलेले तांदूळ, हळदीचा पिवळा रंग अजून टिकून राहिलेले. आणि सगळ्यांत वर दोनचार पाकळ्या केशरी, ताज्या, आजच्या सकाळच्या.

मी हत्यारांच्या पेटीवरच्या झेंडूकडं बघितलं. मग द्वारकावहिनीकडं. रोज सकाळी मुलगा निघताना एक फूल आणि चार अक्षता. अक्षय तृतीयेपासून आजपर्यंत दीडशेच्या वर. त्यातलं जे वाऱ्यानं उडालं ते उडालं, बाकीचं जाळीतून आत.

मी मूठ मिटली.

मूठ उघडली की मी सुटत होतो. माझा शब्द, बापाचं नाव, सगळं त्या लगद्यात होतं. आणि ही बाई, जिचा नवरा रस्त्यानं नेला, तिला कळणार होतं की मुलाची गाडी कंटेनरपुढं कशानं बंद पडली.

"कचरा होता," मी म्हणालो. "निघाला. झालं."

"कसला कचरा?" सांडू पुढं आला.

"पाला."

"पत्र्याखाली पाला कुठून यील? काकासाहेब, बघ, हातात काय तरी लपवितोय. दाखीव की, मिस्त्री."

काकासाहेब गाडीतून उतरला. त्याचे कपडे चिंब झाले होते. "चाचा, दाखवा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सकाळचा संशय परत आला होता, आणि तो मला खूप लागला. मी हात पाठीमागं घेतला. छप्पन वर्षांचा माणूस आणि चोरासारखा उभा.

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. द्वारकावहिनी माझ्यासमोर आली.

"मूठ उघडा, इलियासभाऊ."

"वहिनी, घाण आहे, तुम्ही कशाला..."

"उघडा म्हनते ना."

मी उघडली. तिनं वाकून बघितलं. एका बोटानं लगदा उलटला, एक तांदूळ चिमटीत धरला, डोळ्यांजवळ नेला.

"ह्या माझ्या अक्षता हायेत," ती म्हणाली. मग खाली बसली, तिथंच, ओल्या फरशीवर. "म्हंजी म्याच मारीत व्हते व्हय माझ्या लेकराला? रोज सकाळी, माझ्या हातानं?"

"आई, तुला कितींदा बोललो, ते फूल-बिल ठिवू..." काकासाहेब सुरू झाला.

"गप!" मी इतक्या जोरात ओरडलो की सांडूच्या हातातला मोबाइल हलला. "एक शब्द पुढं बोललास तर पाना घालीन डोक्यात. हे फूल मी दोनदा माझ्या हातानं उचललं. मी मिस्त्री. चाळीस वर्षं हेच करतोय. बाकीची फुलं कुठं जातात हे मी विचारायचं होतं का तिनं? चूक माझी आहे. दोन्ही खेपांना माझी."

काकासाहेबानं आईला हाताला धरून उठवलं आणि परत स्टुलावर बसवलं. तिचा हात मात्र सोडला नाही. सांडू बाहेर जाऊन उभा राहिला. त्याला कुणीतरी फोन केला होता म्हणे.

"आजपासून नाय ठिवायची," द्वारकावहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाली. "कायच नाय ठिवायची." पण तिची नजर हत्यारांच्या पेटीवरून हलत नव्हती. बिनफुलाची गाडी चितेगावातून निघाली तर ही बाई संध्याकाळपर्यंत कशी जगेल, हे मला न सांगता दिसत होतं.

माझ्या दुकानाच्या खिडकीला डासांची बारीक जाळी आहे. मी कात्री घेतली आणि तिचा हातभर तुकडा कापला. पन्हळ पुसली, भोकातून तार घालून तळापर्यंत साफ केलं, तो तुकडा काळ्या जाळीच्या खाली ताणून क्लिपांनी बसवला आणि सगळं परत होतं तसं लावलं. पाचला दहा मिनिटं कमी होती.

"आत बस," मी काकासाहेबाला म्हणालो. त्यानं स्वतःच पत्रा पुसला, स्वतःच पावडर टाकली, दार लावून घेतलं.

मी झेंडूचं फूल आणून द्वारकावहिनीच्या हातात दिलं.

"ठेवा."

"कुठं?"

"जिथं रोज ठेवता तिथंच. आता खाली काही जात नाही. शुक्रवारी माझी सुट्टी असते, पण दर शुक्रवारी त्याला इथून जाऊ द्या. दोन मिनिटांत जाळी झाडून देईन."

तिनं फूल काचेच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलं, भीत भीत, भाजेल की काय असं. मी बादली भरून तिच्यासमोर ठेवली. तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि ओतली. पाणी काचेवरून फुलावर आलं, जाळीतून खाली गेलं आणि चाकामागून भळाभळा जमिनीवर पडलं.

"कोरडं हाय!" आतून काकासाहेब ओरडला.

तिनं रिकामी बादली माझ्याकडं केली. मी भरून दिली. तिनं ओतली.

"कोरडं हाय, आई!"

तिनं परत बादली पुढं केली. टाकीतलं पाणी तळाला गेलं होतं, सकाळी टँकर येईपर्यंत दुकानात हात धुवायलाही उरणार नव्हतं. मी भरून देत राहिलो. ती ओतत राहिली, आणि दर वेळी आतून मुलाचा आवाज येईपर्यंत श्वास रोखून उभी राहत होती.