येतो म्हणाला होता

न्हाव्याच्या दंडावर रबरी पट्टा आवळून ताई शीर चाचपत होती आणि न्हावी तिच्या तोंडाकडे बघत होता.

"मूठ आवळा."

"आवळली. मग, बाळ्या येतोय ना?"

उपाशीपोटी साखर तपासायला आलेला प्रत्येक जण आज आधी हा प्रश्न पुढे करत होता आणि मग दंड. बाळ्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. फुटबॉलच्या मोठ्या लीगमधला स्ट्रायकर. त्याचे गोल टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवतात, तिकडची पोरं त्याच्यासारखे केस कापतात. पण ज्या गावात तो शेंबूड पुसत ग्राउंडवर पळायला शिकला तिथे तो अजून बाळ्याच होता. आणि ताई ही त्याची बिनपगारी प्रवक्ती.

"मला काही माहीत नाही. हात हलवू नका."

"तुला माहीत नाही म्हणजे काय? तुझ्या मामाने काल ग्राउंडवर माईक घेऊन सांगितलं. टाळ्या काय पडल्या! मी तर गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून पळत आलो होतो."

सुई शिरेच्या बाजूने गेली. न्हावी "आई गं" म्हणाला. ताईच्या हातून असं सहसा होत नसे.

"काय सांगितलं मामाने?"

"हेच, की बाळ्या यंदा आपल्या क्लबाकडून. म्हणून तर वेल्डरला सोडला. आज संध्याकाळी खेळाडूंची नोंदणी बंद होते, जागा नको का मोकळी करायला?"

गेली तीन वर्षं क्लबाचे निम्म्याहून जास्त गोल वेल्डरने मारले होते. त्याला सोडला, आणि बाळ्या आला नाही, तर पुढे खेळणार कोण? न्हावी? ताईने त्याच्या दुसऱ्या दंडातून रक्त घेतलं, नळीवर चिठ्ठी चिकटवली, नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर लावून झाकण बंद केलं आणि सोबतच्या मुलीला म्हणाली, "मी मामाकडे जाऊन येते. कोणी बाळ्याचं विचारलं तर त्याला दोनदा टोच."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. पेशाने चष्मेवाला, हौसेने क्लबाचा सेक्रेटरी. ताई दुकानात शिरली तेव्हा तो एका फ्रेमची काडी गरम हवेवर धरून मऊ करत होता आणि शीळ घालत होता.

"मामा, बाळ्या येतोय हे तुला कोणी सांगितलं?"

"त्यानेच. गेल्या आठवड्यात, तुमच्या दारात. तू होतीस की तिथे! मी विचारलं, 'काय रे, क्लबात येतोस ना?' तो म्हणाला, 'येतो हं मामा.' अगदी 'हं' सकट."

ताई डोळे तपासायच्या उंच खुर्चीत बसली. उभं राहून ऐकण्यासारखं हे नव्हतं.

"मामा, तो बूट घालत होता. बॅग खांद्यावर होती. गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता."

"मग?"

"मग तो निघत होता! निघताना माणूस 'येतो'च म्हणतो. आईला म्हणाला, शेजारच्या काकूंना म्हणाला, मला म्हणाला. आता माझ्याकडे काय तो रक्त काढायला येणार आहे?"

मामाने काडी वाकवायची ती जरा जास्तच वाकवली.

"पण मी प्रश्न विचारला होता. प्रश्नानंतर जे येतं त्याला उत्तर म्हणतात. तू सायन्स शिकलीस, तूच सांग."

"प्रश्नानंतर कुत्रं भुंकलं असतं तर तेही उत्तर धरलं असतंस का? नंतर फोन करून विचारायला काय झालं होतं?"

"घरच्या पोराला काय पुन्हा पुन्हा विचारायचं? त्याला वाटेल, मामाचा आपल्यावर विश्वास नाही."

ताईला वाटलं, समोरच्या पाटीवरची सगळ्यात मोठी अक्षरंसुद्धा आता आपल्याला दिसणार नाहीत, इतकं डोकं भणभणतंय. या घराण्यात 'नाही' हा शब्दच कोणाच्या जिभेवर नव्हता. 'बघू', 'करू', 'कळवतो', 'आलोच' एवढ्यावर सगळ्यांचे संसार चालले होते, आणि त्यातल्या कशाचा अर्थ हो आणि कशाचा नाही, हे बाहेरच्या जगाला सांगायचं काम लहानपणापासून तिच्याकडे. बाळ्या शाळेच्या सहलीला येणार नाही, हेही बाईंना तिनेच सांगायचं. आज ती सांगणार नव्हती.

तिने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि काचेच्या काउंटरवरून मामाकडे सरकवला.

"ताई, बोल पटकन. आत्ताच सराव संपलाय, पाय बर्फात आहेत माझे."

"मामाला तुला काहीतरी विचारायचंय. तू उत्तर दे. 'बघू' म्हणालास तर पुन्हा फोन करीन."

मामा फोनवर वाकला. "बाळ्या, कसा आहेस? जेवलास का?"

"मामा!" ताई ओरडली.

"हां. तर… येतोयस ना?"

"कुठे?"

या एका 'कुठे'ने मामाचा चेहरा उतरला. तरी तो म्हणाला, "आपल्या क्लबात रे."

पलीकडे बर्फ हलल्याचा आवाज आला. "क्लबात… म्हणजे मामा, ते आपण बघू ना—"

"बाळ्या!"

"नाही." आणि मग, एकदा म्हणून बघितल्यावर जमतंय असं वाटून, जरा मोठ्याने, "नाही येत, मामा. इथे मी चुकलो तर लोक शिव्या देतात आणि आपापल्या घरी जातात. तिथे आपल्या घरी येऊन देतील, आणि वर आई त्यांना चहा करील. इथे मला आडनावाने हाक मारतात. मला बरं वाटतं ते."

"मग जाताना 'येतो' कशाला म्हणालास?"

"मग काय 'जातो' म्हणू? आई दारात उभी होती!"

मामाने दुकानाचं शटर ओढलं. वेल्डरच्या वर्कशॉपपर्यंतच्या रस्त्यात प्रत्येक दुकानातून हाक येत होती, "काय सेक्रेटरी, कधी उतरतोय आपला वाघ?" आणि मामा मान हलवत होता, अशी की ती हो की नाही हे कोणालाही कळू नये. ताई दात आवळून चालत राहिली.

वेल्डर एका फाटकाला बिजागरी जोडत होता. ठिणग्या उडत होत्या म्हणून दोघांनी तोंडं फिरवली, आणि त्याने त्यांना तसंच भिंतीकडे बघत उभं ठेवलं. बिजागरी पक्की झाली तरी तो आणखी एक टाका मारत बसला. शेवटी मुखवटा वर केला.

"बोला सेक्रेटरी."

"हे बघ, कमिटीने जरा फेरविचार—"

"मामा, खरं सांग," ताई म्हणाली.

मामाने सांगितलं. बूट, बॅग, हॉर्न, 'हं' सकट. वेल्डर इतका हसला की त्याला फाटकाला धरावं लागलं. ते तापलेलं निघालं तेव्हा थांबला.

"म्हणजे तो नाही म्हणाला, म्हणून मी."

मामा नव्या बिजागरीचा टाका निरखू लागला.

"पुलापलीकडच्या क्लबाचे सकाळीच येऊन गेले," वेल्डर हातमोजा काढत म्हणाला. "त्यांना थांबवून ठेवलंय. सेक्रेटरी, मी गोल मारला की तुम्ही काय ओरडता, आठवतंय? 'शाब्बास, अगदी आमच्या बाळ्यासारखा!' आणि हुकला की 'आमचा बाळ्या असता तर!' तीन वर्षं ऐकतोय. तुमचा बाळ्या चांगला खेळतो, मीही टीव्हीवर बघतो. पण मला एकदा तरी माझी स्वतःची शिवी द्या की."



"काय करू सांग," मामा म्हणाला.

"आज ग्राउंडवर सगळ्यांसमोर सांगा की तो येत नाही. मग सही करतो. आणि यापुढे मी खेळत असताना त्याचं नाव काढायचं नाही. एकदा जरी ऐकलं तरी तिथेच बूट काढून मी पुलापलीकडे."

"कबूल. अरे, आमच्या बा—" मामाने जीभ चावली. "कबूल."

संध्याकाळी ग्राउंडवर अख्खं गाव लोटलं होतं. मामाने माईक हातात घेतला, दोनदा फुंकर मारली, घसा खाकरला. ताई मुद्दाम मागे, कुंपणाला टेकून उभी राहिली. तिच्याकडे वळलेल्या चेहऱ्यांना तिने हाताने पुढे बघायला सांगितलं.

"तो येत नाही," मामा म्हणाला. "माझ्या ऐकण्यात चूक झाली."

न्हावी ओरडला, "कान तपासून घ्या!" कोणी म्हणालं, राजीनामा द्या. कोणी म्हणालं, चष्मेवाल्याकडून आणखी काय होणार. मामाने खाली मान घालून सगळं ऐकलं आणि मग वेल्डरचं नाव सांगितलं. चार-पाच टाळ्या पडल्या, त्याही वर्कशॉपमधल्या पोरांच्या.

वेल्डरने टेबलावर सही केली आणि थेट मैदानात उतरला. त्याने चेंडू ठेवला, मागे सरकला, पळत आला आणि असा हाणला की तो गोलच्या वरून, भिंतीवरून, सरळ रस्त्यावर गेला. बाहेर कोणाचा तरी ब्रेक करकचला.

सगळ्या ग्राउंडने एकदम मामाकडे बघितलं. वेल्डरनेही. मामा उठून उभा राहिला होता, तोंड उघडं, बोट वर. ताईने डोळे मिटले.

"अरे गाढवा," मामा गरजला, "गोल आहे तो, गच्ची नव्हे! फाटकं जोडून जोडून तुला आता उघडं दारही दिसेना का?"

वेल्डरने मामाला एक सलाम ठोकला आणि चेंडू आणायला रस्त्याकडे पळाला.